आखाजीच्या वाटेवर थर्ड गिअर

सुरुवातीलाच सांगून टाकतो — मी भुताखेतांचा माणूस नाही. जळगावात माझं ठिबकच्या सुट्या भागांचं दुकान आहे. शेतात पाणी पोचलं नाही तर फिल्टर तुंबलाय नाहीतर नळी फुटलीय. तिसरं कारण मी आयुष्यात कधी मानलं नाही. या सदरात लोक लिहितात ना, पिंपळाखालून कुणी हाक मारली, पैंजण वाजले... ते मी जेवताना मोठ्याने वाचून बायकोला हसवतो. आता तुम्ही मला हसा. पाळी माझी आहे.

माझ्याकडे एक जुनी डबल केबिन पिकअप आहे. ऑटोमॅटिक. पवनचक्क्यांच्या कामावर आलेल्या एका साहेबाने जाताना विकली आणि माझा डावा गुडघा कामातून गेलेला असल्याने, क्लच नसलेली गाडी पाहून मी भाळलो. जळगावातल्या पहिल्या मेकॅनिकने आत डोकं घालून दोन मिनिटं क्लचचा पेडल शोधला. तेव्हाच मला पुढचं भविष्य कळायला हवं होतं.

दुखणं असं की, गाडी पहिल्यावरून दुसऱ्यावर जायची, पण दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाईना. आरपीएमचा काटा चार हजारावर, इंजिन कोकलतंय, आणि वेग किती तर चाळीस. बैलगाडीवाले सोडून सगळे मला ओव्हरटेक करत. मी काय केलं नाही? गिअरबॉक्सचं तेल इंजिन चालू ठेवून, गरम असताना बघायचं असतं — हे मी स्वतः शिकलो आणि तीन मेकॅनिकना शिकवलं. लाल असायला हवं ते तेल चहासारखं झालेलं, वर करपल्याचा वास. तेल बदललं, फिल्टर बदलला, ॲक्सिलरेटरपासून गिअरबॉक्सकडे जाणारी केबल ताणून पाहिली, सैल करून पाहिली, वायरींची टोकं घासली. एकाने लॅपटॉप लावला. लॅपटॉप म्हणाला, सगळं ठीक आहे. लॅपटॉपला स्टिअरिंगवर बसवायला हवं होतं.

आणि नेमकी आखाजी आली.

आमच्या खानदेशात अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, लेकी माहेरी येतात. माझे सासरे आबा पारोळ्याच्या पुढे एका खेड्यात राहतात. त्यांची थोरली बहीण अक्का दिली आहे नरडाण्याजवळच्या गावात. लग्न झाल्यापासून एकही आखाजी तिची चुकली नाही. आबा दरवर्षी स्वतः आणायला जातात — आधी बैलगाडीने, मग एसटीने. या आखाजीच्या आधीच्या थंडीत मात्र अक्का पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. बसता येईना, आडवंच राहायचं. वय ऐंशीच्या पुढे. ही आखाजी चुकली तर पुढची बघायला ती असेल की नाही, हे घरात कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांच्या तोंडावर होतं.

अक्काच्या मुलाने ॲम्ब्युलन्स सुचवली. अक्काने फोनवरूनच त्याला उडवून लावलं.

"ॲम्ब्युलन्समा? मी माहेरले येस का मसनमा जास? गावना लोके रडाले लागतीन."

दुसरी गाडी भाड्याने घ्यावी तर आखाजीचा मुहूर्त, जिल्ह्यातली प्रत्येक पिकअप कुणा ना कुणाच्या वऱ्हाडात. मग आबांनी माझ्याकडे पाहिलं. जावयाकडे सासरा असं पाहतो तेव्हा नाही म्हणायची सोय नसते. मागच्या हौद्यावर लोखंडी कमानी लावल्या, ताडपत्री घातली, खाली दोन गाद्या.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सासरवाडीला मी आत जेवत होतो, तेव्हा माझा मेव्हणा संजू बाहेर जावयाचा मान राखत होता. आमच्याकडे जावयाच्या मोटरसायकलची हवा भरणं, काच पुसणं हे मेव्हण्याचं काम. संजूने एक पाऊल पुढे टाकलं. गिअरबॉक्सचं तेल मोजायची कांडी काढून पाहिली, तेल कमी वाटलं, म्हणून नरसाळं लावून ट्रॅक्टरच्या गिअरचं दाट तेल एक लिटर ओतून मोकळा. तेल गार असताना कांडी कमी दाखवते, हे त्याला कोण सांगणार? मी हात धुवून बाहेर आलो तर म्हणतो, "दाजी, तेल एकदम फुल करून टाकलं." त्याचा चेहरा इतका आनंदी होता की मी 'बरं केलं' म्हणालो. आतून काय म्हणालो ते छापता येणार नाही.

सकाळी आबा शेजारी आणि मी स्टिअरिंगवर, असं रडतखडत धुळ्यापर्यंत पोचलो. तिथे रफिकभाई म्हणून एक मेकॅनिक ऑटोमॅटिकमधले जाणकार. त्यांनी ते सगळं काळं पाणी काढून टाकलं, नवं तेल भरलं, चालवून पाहिलं. फरक शून्य. म्हणाले, "शेठ, थर्ड गिअर धरून ठेवणाऱ्या प्लेटा गेल्यासारख्या वाटतात. उघडल्याशिवाय सांगत नाही, आणि आज उघडली तर आज जोडली जाणार नाही."

मी टायरला लाथ मारली. डाव्या पायाने. गुडघ्याने लगेच हिशेब चुकता केला. आबा शांतपणे बघत होते. म्हणाले, "जवाईबापू, गाडीवर चिडाले नको. वझं जड व्हयनं का बैलले बोलनं पडस."

मी म्हटलं, आबा, हा बैल नाही, याला कान नाहीत. ते गाडीत जाऊन बसले.

नरडाण्याला दुपारी पोचलो, ऊन उतरायची वाट पाहिली आणि चारच्या सुमारास अक्काला गादीसकट उचलून मागे ठेवलं. आबा तिच्यासोबत मागेच बसले, ओला पंचा आणि पाण्याचा जग घेऊन. पुढे केबिनमध्ये मी एकटा. पाठीमागची छोटी काच उघडी.

आग्रा रोडवर तीच रडकथा. दुसरा गिअर, चाळीसचा वेग, तापलेल्या तेलाचा वास. ट्रक हॉर्न मारत अंगावरून जातायत. सोनगीर यायच्या आधी आबांनी काचेतून सांगितलं की अक्काला घाबरल्यासारखं होतंय. वळून पाहिलं. अक्का डोळे मिटून पडलेली, तोंड कोरडं. या वेगाने घर यायला अजून अडीच तास. थांबलो तर सावलीला झाड नाही, आणि गाडी पुन्हा चालू होईल याचा भरवसा नाही. मला तेव्हा राग आला नाही हो... मला भीती वाटली. ही बाई माझ्या गाडीत गेली, तर आबांना मी काय तोंड दाखवू?

आणि मागून आवाज आला — टॉक.

जीभ टाळूला लावून शेतकरी बैलाला हाकताना काढतो ना, तोच. टॉक. एका श्वासानंतर गिअर पडला. झटका नाही, आवाज नाही. काटा चार हजारावरून दोन हजारावर आला, इंजिन गप्प झालं आणि गाडी सत्तरने निघाली. ताडपत्रीतून वारा वाहायला लागला.

मी म्हटलं, योगायोग. पुढे टोलवर थांबावं लागलं. पुन्हा निघालो: पहिला, दुसरा... कोकलणं सुरू. मी मुद्दाम ॲक्सिलरेटर सोडून, दाबून, सगळ्या युक्त्या केल्या. काही नाही. मग मागून — टॉक. पडला तिसरा. धुळ्याच्या बायपासवर किमान सहा-सात वेळा हेच झालं. टॉक नाही, गिअर नाही. टॉक झालं की एका श्वासात गिअर. शेवटी मी युक्त्या बंद केल्या आणि नुसता वाट बघायला लागलो. एक सुशिक्षित दुकानदार, बैलाला हाकणाऱ्या आवाजाची वाट बघत बसलाय!

दिवस मावळायच्या आत गावात शिरलो. अक्काने डोळे उघडले होते, वेशीवरचा मारुती दिसला तशी हात जोडत होती. बायका ओवाळायला धावल्या. अक्काला खाटेवर ठेवल्यावर मी आबांपाशी गेलो आणि स्वतःचे कान धरून म्हटलं, आबा, माफ करा, तुमच्या जिभेने गाडी चालवली.

आबांनी पंचा खांद्यावर टाकला.

"मी? मी तं अक्काना हात धरीसन बसेल व्हतू. माले वाटनं तीच करी ऱ्हायनी."

अक्का खाटेवरून म्हणाली, "माले वाटनं जवाईबापू करी ऱ्हायनात."

चहा आला, तो प्यायलो. विषय तिथेच राहिला.

आखाजी झाली. आबांनी त्यांच्या गेलेल्या आईवडिलांच्या नावाची घागर पुजली, अक्का खाटेवरून बघत होती. दुसऱ्या दिवशी गाडी सुरू केली तर जागची हलेना. तिसरा सोडा, रिव्हर्ससुद्धा नाही. ट्रॅक्टरने ओढत धुळ्याला नेली. रफिकभाईंनी गिअरबॉक्स उघडला आणि मला बोलावून थर्डच्या प्लेटा हातावर ठेवल्या. वरचा थर पूर्ण जळून गेलेला, नुसतं निळं पडलेलं लोखंड.

"ये गाडी चलाया कौन?"

मी म्हटलं, मीच.

"थर्डमध्ये?"

मी म्हटलं, नरडाण्याकडून, सत्तरने. ते आधी हसले. मग प्लेट उलटून पाहिली आणि हसायचे थांबले. "शेठ, इथे धरायला काही उरलंच नाही. कित्येक महिन्यांपासून नाही. थर्ड पडेल कशाला?"

केबलचा गुण म्हणावा तर केबल तीच, तेलाचा म्हणावा तर ते त्या दिवशी सकाळीच भरलेलं आणि सकाळी गिअर पडला नव्हता. तुमच्यापैकी कुणी गिअरबॉक्सवाला असेल तर खुशाल माझं वाचून जेवताना हसा, पण हसून झालं की कारण कळवा.

पार्ट लांबून यायचे होते, आज येतो उद्या येतो करत दीड महिना गेला. अक्का दुसऱ्या गाडीत बसायला तयार नाही, त्यामुळे लग्नानंतर पहिल्यांदाच ती इतके दिवस माहेरी राहिली. मी शनिवारी गेलो की आमरस वाढता वाढता बायका हसायच्या आणि ती खाटेवरून विचारायची, "पार्ट उना का, जवाईबापू?"

नाही म्हटलं की तिचा चेहरा फुलायचा.

"मंग राहू द्या. गाडीले घाई नका करू."