झुळूक साबण, मोठी वडी

माझी मावशी खोट्या वस्तू बनवते. हे वाक्य मी शाळेत निबंधात लिहिलं तेव्हा बाईंनी आईला भेटायला बोलावलं होतं. वास्तविक त्यात लपवण्यासारखं काहीच नाही. सिनेमात किराणा दुकान दाखवायचं असलं की फळीवरचे डबे, पुडे, बाटल्या सगळं तिच्या हातचं. आत भुसा नाहीतर रद्दी, बाहेर तिचं लेबल. नावंही तिचीच: टवटवी चहा, शांतू बाम, झुळूक साबण. नाव सुचलं की आधी निर्मात्याच्या ऑफिसातून खात्री करून घ्यायची, अशी कंपनी खरोखर कुठे नाही ना, आणि मगच रंगाला हात लावायचा.

खऱ्या कंपनीचा माल का नाही ठेवत, असं लोक विचारतात. मावशीला या प्रश्नाचा कंटाळा आहे. उत्तर काका देतात, तेही न विचारता. एक तर परवानगी काढा. ती मिळाली तरी कंपनी म्हणणार, आमचं सरबत खलनायकाच्या हातात नको. आणि पैसे घेतल्याशिवाय फुकटची जाहिरात निर्माता तरी कशाला करेल? "म्हणून सिनेमातला माणूस नुसतं 'एक थंड द्या' म्हणतो. तू म्हणून बघ दुकानात. दुकानदार तुला वरपासून खालपर्यंत न्याहाळेल!"

काका म्हणजे मावशीचा नवरा. पेशाने गर्दीतले नट. पडद्यावर ते वऱ्हाडात जेवले आहेत, मोर्चात चालले आहेत, युद्धात तर कितीदा मेले आहेत. पण एकट्याने एक शब्द बोलले नव्हते. मावशी म्हणायची, "बरंच आहे, घरी सगळी कसर भरून काढतात." काका हसायचे. मला मात्र ते हसणं पुरतं खरं वाटायचं नाही, कारण सिनेमा बघताना दुसऱ्याचं वाक्य आलं की त्यांचे ओठ हलायचे.

आणि मग त्यांना वाक्य मिळालं. दुकानात गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "एक साबण द्या, मोठी वडी." बस, एवढंच. पण पुढे त्याच साबणावरून पाय घसरून एक श्रीमंत म्हातारा मरतो, त्यामुळे सगळ्या गोष्टीची मेख त्या वडीत. साहजिकच कुठलीही कंपनी जवळ फिरकणार नव्हती. दिग्दर्शकाच्या मदतनीस बाईंनी काकांना बजावलं, "तोंडून कंपनीचं नाव गेलं तर वाक्य कापलं म्हणून समजा. दुसऱ्यांदा घ्यायला वेळ नाही."

इथेच घोडं पेंड खात होतं. काकांनी जन्मात कधी नुसता 'साबण' मागितला नव्हता. घरात तालीम सुरू झाली. मावशी पोळपाटामागे दुकानदार होऊन उभी राहायची, काका दारातून ऐटीत यायचे, "एक..." म्हणायचे आणि नेहमीच्या कंपनीचं नाव धाडकन बाहेर पडायचं. त्यांनी स्वतःच्या गालावर चापटही मारून घेतली. जित्याची खोड, दुसरं काय. तिसऱ्या दिवशी ते जेवले नाहीत. म्हणाले, "आयुष्यात एक वाक्य मिळालं, तेही मला धड झेपेना गं." हे ऐकून मावशीच्या पोटात तुटलं. तसं तिने मला फोनवर सांगितलं.

त्यावर तिने जे केलं ते फक्त तीच करू जाणे. घरातल्या झाडून सगळ्या वस्तूंवर तिने आपली जुनी लेबलं चिकटवली. म्हणजे काकांच्या डोळ्यांसमोर कंपनीचं नावच नको, की जिभेवर यायचा प्रश्न मिटला. मी तेव्हा दोन दिवस राहायला गेले आणि पस्तावले. सकाळी दात घासायला घेतलं ते काकांचं दाढीचं क्रीम निघालं. मी ओरडले, तर मावशी आतून म्हणाली, "लेबल वाचायचं ना! हसरा म्हणजे दाढीचं, शुभ्रा म्हणजे दातांचं. शिकलीस ना एवढी?"

उपाय लागू पडला. तालमीत कंपनीचं नाव यायचं थांबलं. चित्रीकरणाच्या दिवशी मीही गेले होते. काका आत आले, फळीसमोर उभे राहिले, खिशात हात घातला आणि अगदी घरच्यासारखं म्हणाले, "एक झुळूक द्या, मोठी वडी."

माझी पाचावर धारण बसली. मावशीने कपाळावर हात मारला. दुकानदार झालेला नट मात्र जुना खेळाडू. त्याने मागे वळून पाहिलं, फळीवर मावशीने मांडलेली झुळूकची रास होतीच, त्यातली एक वडी काढून त्याने पुढे सरकवली. काकांनी ती नाकाशी नेऊन हुंगली आणि चालू लागले.

"हे झुळूक काय आहे? कुठली कंपनी?" मदतनीस बाई कडाडल्या. काका पांढरेफटक पडले. काय झालं ते त्यांना तेव्हा कळलं. मावशी पुढे झाली आणि म्हणाली, "कंपनी नाहीच आहे हो. मीच आहे." ऑफिसात फोन गेला. नाव जुनंच, तपासलेलं, कुणाचं नाही. दिग्दर्शक एवढंच म्हणाले, "ठेवायचं की नाही ते नंतर बघू." त्या 'नंतर'ने आमच्या घराची झोप उडवली. काका विषय काढायचे नाहीत, आणि काकांनी विषय न काढणं म्हणजे दुखणंच.

सिनेमा लागला त्या दिवशी आम्ही तिघं थिएटरात बसलो. दुकान आलं. काका आले.

"एक झुळूक द्या, मोठी वडी."

राहिलं होतं! काकांचा आवाज, काकांचं वाक्य, शब्द न् शब्द. माझा जीव भांड्यात पडला आणि मी टाळ्या वाजवल्या, पुढच्या रांगेतल्यांनी वळून पाहिलं तरी वाजवल्या. काकांचे डोळे वाहत होते. मावशी मात्र पडद्याकडे बघत तशीच बसली होती. इतकी वर्षं तिचा माल फळीवर मांडला गेला, नटांच्या पाठीमागे धूसर दिसला आणि पुन्हा खोक्यात गेला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "माझा साबण कुणीतरी मागितला."

काकांनी नाक पुसलं. "कुणीतरी काय? मी मागितला."

"तेच म्हणते मी," मावशी म्हणाली आणि भर थिएटरात तिने त्यांचा हात धरला.