सातवीचा गुरुवारचा तास

पुस्तकं हरवतात, किस्से काही हरवत नाहीत! वसईतल्या एका मराठी शाळेत मी अठरा वर्षं ग्रंथपाल आहे. पुस्तकांची कपाटं आठ, किश्शांना मात्र कपाट पुरत नाही.

लोक म्हणतात, "मॅडम, तुमचं बरंय. शांतता आणि पंखा!" हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. अहो, शिकवायला मला आठवड्यातून एकच तास मिळतो. सातवीचा, गुरुवारचा. नेटवर सापडलेलं कुणी लिहिलंय, खरं आहे का, हे कसं तपासायचं ते मी त्या तासाला मुलांना शिकवते. तर तो एक तासही लोकांच्या डोळ्यांत खुपतो!

*

मागे एक ऑनलाइन प्रशिक्षण आलं होतं, तंत्रज्ञान वापरून कसं शिकवावं याचं. मी हौसेने नाव द्यायला गेले. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, हे टीचिंग स्टाफला आहे. तुम्ही नॉन-टीचिंग ना!"

शेवटच्या दिवशी अख्खा टीचिंग स्टाफ लायब्ररीच्या दारात! कुणी पासवर्ड विसरलेलं, कुणाचा ओटीपी नवऱ्याच्या मोबाईलवर. "मॅडम, तेवढी परीक्षा देऊन टाका ना, तुमचा हात बसलाय!"

चडफडत का होईना, मी नऊ जणांची परीक्षा दिली. चूक माझीच. नऊही जण उत्तम गुणांनी पास झाले. शाळेत त्यांचा सत्कार झाला आणि सूत्रसंचालन कुणी केलं? मीच!

*

एका माजी विद्यार्थ्याने शाळेला वीस टॅब दिले. मी गुरुवारच्या तासाचा बेत आखत होते, तेवढ्यात मुख्याध्यापकांनी ते कपाटात ठेवून किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. "मुलांच्या हाती दिले की फुटतील!"

दोन वर्षांनी तपासणीसाठी कपाट उघडलं. बॅटऱ्या फुगून निम्म्या टॅबचे पडदे वर आलेले. मला तर रडूच यायचं बाकी होतं. तपासनीसाने एकेक टॅब मोजला आणि शेरा लिहिला, "संख्या पूर्ण. देखभाल उत्तम."

*

मग ते पालक. वसई स्टेशनजवळ फ्लॅट, मुंबईत नोकरी. मुलीचा प्रोजेक्ट घेऊन तावातावाने आले. "मॅडम, हिला तुम्ही प्रोजेक्ट पुन्हा करायला का सांगितलंत? मी स्वतः प्रिंट काढलीय!"

प्रोजेक्ट वसईच्या किल्ल्यावर आणि फोटो डोंगरावरच्या कुठल्या तरी किल्ल्याचा! मी म्हटलं, "अहो, आपला किल्ला समुद्राकाठी आहे. रिक्षाने वीस मिनिटं. जाऊन बघा तरी."

ते म्हणाले, "पण नेटवर पहिला हाच येतो!"

*

आणि आमचे गणिताचे कदम सर. माणूस वाईट नाही, पण सदा त्यांचा पोर्शन राहिलेला. जुलैच्या सुरुवातीला ते मुख्याध्यापकांना म्हणाले, "गुरुवारचा तास मला द्या. लायब्ररीत काय, मुलं पुस्तकं चाळतात. घरीही चाळतील."

मुख्याध्यापकांनी लगेच मान डोलावली. मी भांडले, अक्षरशः आवाज चढवून भांडले. "सर, हा एकच तास आहे माझा!" उत्तर आलं, "मॅडम, एकच आहे ना, मग गेला तर काय फरक पडतो?" ऑगस्टपासून तास कदम सरांना, असं ठरलं.

*

जुलैच्याच शेवटी शिक्षण खात्यातले एक साहेब डिजिटल वर्ग बघायला आले. कदम सरांचा सातवीवर पाठ होता, मोठ्या स्क्रीनवर. मला त्या वर्गात काम एकच, चहाचं.

सरांनी एआयकडून खास आपल्या भागातली गणितं करून घेतली होती. पहिलंच गणित झळकलं: 'अर्नाळ्याची एक बोट जुलै महिन्यात रोज चाळीस किलो पापलेट आणते, तर महिन्याभरात किती किलो आणेल?'

साहेब खूश. मुलं गुणाकाराला लागली. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या सिल्व्हियाने मात्र वहीसुद्धा न उघडता हात वर केला.

"शून्य, सर."

"अगं, गुणाकार कर!"

"कशाचा करू? जुलैत मासेमारीला बंदी असते. सगल्या बोटी वर ओढल्यात. माजा बापूस घरी जाली शिवतोय. सर, ह्ये कोनी लिवलंय? तुमी तपासलंत का?"

वर्गात खसखस पिकली. कदम सर एकदा स्क्रीनकडे, एकदा साहेबांकडे बघत राहिले. साहेब मात्र खुर्चीत पुढे सरकले. "शाब्बास! असं विचारायला कुणी शिकवलं तुला?"

"लायब्ररीच्या मॅडमनी. गुरुवारच्या तासाला."

मुख्याध्यापक घाईघाईने म्हणाले, "साहेब, त्या टीचर नाहीत. नॉन-टीचिंग आहेत."

साहेबांनी तिकडे लक्षच दिलं नाही. "कुठे आहेत त्या?"

सिल्व्हियाने बोट दाखवलं.

"त्या काय, तुमाला चाय देतायत!"