गेलेली चव

दिली शहराच्या किनाऱ्यावर आबिलियोचं वाइनचं छोटं दुकान होतं. पोर्तुगालची असो, चिलीची असो, लाल वाइन तो आधी स्वतः चाखायचा आणि स्वस्तातली चांगली तेवढीच ठेवायचा. लोक डोळे झाकून त्याच्याकडून बाटल्या न्यायचे.

गेल्या वर्षी तापातून उठला तेव्हा त्याची वास घेण्याची आणि चव कळण्याची शक्ती गेली होती. बायको डोमिंगासखेरीज कुणाला त्याने ते कळू दिलं नाही. आठवणीवरच तो वाइनचं कौतुक करत राहिला.

एका रविवारी शेजारची इल्डा उघडी बाटली घेऊन तणतणत आली.

"काका, लेकीच्या साखरपुड्यात पाहुण्यांनी तोंडं वाकडी केली! चाखली तरी होतीत का?"

आबिलियोने पेला भरून सावकाश घोट घेतला.

"चांगली आहे की गं. पिकल्या जांभळासारखी."

इल्डा बघतच राहिली. डोमिंगासने त्याच्या हातातून पेला काढून घेतला.

"आंबलीय हो," ती हळू आवाजात म्हणाली. "इथवर वास येतोय."

इल्डाचा राग कुठच्या कुठे गेला. "काका, कधीपासून?"

"तापापासून," एवढंच तो म्हणाला आणि खाली बसला.

त्यानंतर कुणी विचारलं, "काका, यातली कुठली नेऊ?" तर तो कुठलीही न सुचवता नुसता फळीकडे हात करायचा.