हिरड्यांवरची निळी रेघ

डॉक्टरांनी मला खिडकीकडे तोंड करायला सांगितलं, माझा खालचा ओठ अंगठ्यानं ओढला आणि विचारलं, "काम काय करता?"

"नाटकात आहे. बायकांची कामं करतो. गातो."

"तोंडाला काय लावता?"

"सफेदा."

त्यांनी ओठ सोडला. दातांच्या मुळाशी, हिरड्यांवर निळी रेघ आहे म्हणाले. लेड पॉयझनिंग. लेड म्हणजे शिसं. आम्ही नट गोरं दिसायला जो सफेदा लावतो, ती शिशाचीच पांढरी भुकटी. ओठांना लावून मी बारा वर्षं गात होतो, आणि प्रत्येक पदाबरोबर ती थोडी थोडी पोटात जात होती.

हे सांगतोय ते रंग लावून पोट भरणाऱ्यांसाठी. मला कुणी सांगितलं नव्हतं.

आमचं घर म्हैसुरात, चामराजपुरमला. आजोबा म्हैसूरच्या घोडदळात होते, वडील कचेरीत कारकून. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. आवाज चांगला म्हणून एका कन्नड नाटक कंपनीनं मला घेतलं. मी रंगानं काळा. मालक म्हणाले, आवाज सीतेचा आहे, तोंड नाही. तोंड आपण करू. बाकीचे एक थर लावायचे तिथं मला तीन. पुढे एका मूकपटात काम मिळालं. तिथं आवाजाचा उपयोगच नव्हता, पण तो लेप लावून दिवसभर उन्हात उभं राहावं लागे.

कंपनीतला सफेदा खरखरीत असायचा. लग्नानंतर माझी बायको गिरिजा तो घरी वाटून द्यायला लागली. खोबरेल घालून, चटणीच्याच पाट्यावर. पाटा ती दोनदा धुवायची. कंपनीत सगळ्यात मऊ रंग माझा, म्हणून मी मिरवायचो.

सुरुवात पोटापासून झाली. कळ उठली की उशी पोटाशी दाबून पालथं पडायचं. चार-चार दिवस शौचाला होत नसे. वैद्य म्हणाले वात. आई म्हणाली दृष्ट. तोंडही पांढरंफटक पडत चाललं होतं, पण ते कुणाला खटकलं नाही. मालक तर खूश होते.

मग एका प्रयोगात, स्वयंवराच्या प्रवेशात, मी दोन्ही हातांनी वरमाला उचलली आणि उजवा पंजा मनगटातून खाली लोंबला. माळ पडली. लोक हसले. मी तसंच पद पुरं केलं. पडद्यामागे आल्यावर मालकांनी आधी माझ्या तोंडाचा वास घेतला. मी दारूला कधी शिवलो नव्हतो, तरी दुसऱ्या दिवशी गावभर तेच झालं.

याला रिस्ट ड्रॉप म्हणतात. मनगट वर उचलणाऱ्या नसा शिशानं निकामी होतात. दवाखान्यात हाताला लाकडी फळी बांधली. सकाळी जुलाबाचं मीठ, दुपारी पोटॅशियम आयोडाइडचं कडू पाणी, आणि एक दिवसाआड विजेची पेटी. पेटीच्या तारा लावल्या की बोटं आपोआप उडायची. आपल्याच बोटांना दुसरं कुणी नाचवतंय हे बघणं वाईट.

मालक एकदाच आले. सीतेला दुसरा नट मिळाल्याचं सांगायला. डॉक्टरांनी त्यांना सफेदा बंद करा म्हटलं, तेव्हा हसून म्हणाले, "स्वामी, सगळ्या कंपन्या हाच लावतात. सगळे मेले का?"

तिसऱ्या आठवड्यात गिरिजा पेज घेऊन आली असताना डॉक्टर फेरीवर होते. सफेदा घरी कोण वाटतं, त्यांनी विचारलं. मी तिच्याकडे बोट दाखवलं. त्यांनी तिला खिडकीपाशी बोलावलं, तिलाही ओठ खाली ओढायला लावलं आणि बराच वेळ बघितलं. मग कन्नडमध्ये विचारलं, मुलं किती?

"तीन गेली," ती म्हणाली. "दोन पोटातच. एक दुसऱ्या दिवशी."

डॉक्टर म्हणाले, "शिशाच्या कामातल्या बायकांचं असं होतं. तुमचंही त्यानंच झालं, असं मी शपथेवर सांगू शकणार नाही. पण मला तसंच वाटतं. पुन्हा त्याला हात लावू नका."

गिरिजानं पेजेचं भांडं विसळलं आणि ती घरी गेली.

आता जे सांगायचं ते माझ्याबद्दल. तिसरं मूल गेल्यावर आईनं तिला सरगूरला माहेरी पाठवलं होतं. हिची कूसच वाईट, असं आई चारचौघांत म्हणायची. बोगादीला नात्यातली एक मुलगीही माझ्यासाठी बघून आली होती. मी हो म्हटलं नाही, पण नाहीसुद्धा म्हटलं नाही. सात महिन्यांनी गिरिजाला परत आणलं ते मी नव्हे, तिच्या भावानं आणून सोडलं. आल्या दिवशी तिनं माझा सफेदा वाटला.

डॉक्टरांनी ओठ बघितला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती पेज घेऊन आली तेव्हा एवढंच म्हणाली, "आईंना तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

मी सांगितलं. आई म्हणाली, डॉक्टरला काय, सगळीकडे शिसंच दिसतं. आई वारेपर्यंत तिनं कूस वाईट हा शब्द मागे घेतला नाही.

आजारपणानं माणसं जवळ येतात म्हणतात. आमचं तसं झालं नाही. गिरिजानं माझ्या हाताला रोज तेल चोळलं, भरवलं, पण चोळताना तोंड दुसरीकडे असायचं. मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "बेडा." नको. एवढंच.

हात वळायला आठ महिने लागले. बोटं तंबोऱ्यावर अजून पूर्वीसारखी चालत नाहीत. कंपनीनं परत घेतलं नाही. तुम्ही रंग लावत असाल तर डब्यात काय आहे ते विचारा, रंगल्या तोंडानं खाऊ नका, हिरड्या आरशात बघत चला. आणि तो डबा घरी नेऊ नका. त्या डॉक्टरांचे उपकार मी मानतो. माझ्या तोंडाचा वास न घेता आत बघणारे तेच पहिले.

बोलपट आले तेव्हा आवाजाला पुन्हा मागणी आली. आता मला पुरुषांची, म्हाताऱ्यांची कामं मिळायची. एका बोलपटात आई वारलेल्या बाळाला मांडीवर घेऊन मी अंगाई गातो. म्हैसुरात तंबूत तो लागला तेव्हा संध्याकाळच्या खेळाला गिरिजाला घेऊन गेलो. अंगाई सुरू झाली तशी आजूबाजूच्या बायका डोळे पुसायला लागल्या. गिरिजा उठली आणि बाहेर गेली. मीही मागोमाग गेलो.

ती तंबूच्या दोराला धरून उभी होती. आतून माझा आवाज येत होता.

"ते मूल कुणाचं?" तिनं विचारलं.

"आमच्या गाण्याला पेटी वाजवणाऱ्याची नात."

"तिच्या तोंडाला काही लावलं होतं?"

"लावायला निघाले होते. मी लावू दिलं नाही. लावलं तर गाणार नाही म्हटलं."

गाणं संपेपर्यंत ती तिथंच उभी राहिली. मग म्हणाली, "चला, आत जाऊ. पुढचं बघू."