भरपाईचा पेढा

मंडळी, सकाळी खाल्लेला एक पेढा अजून घशाखाली उतरलेला नाही.

रमेश गोदाघाटावर हार विकतो. मागे चोर समजून एका पोलीस साहेबांनी त्याला काठीने मारलं, उजवं मनगट कायमचं गेलं. चोर दुसराच निघाला. हार आता त्याची बायको ओवते. काल कोर्टाने भरपाई मंजूर केली, म्हणून आज तो पेढे घेऊन दारात.

मी म्हटलं, "वा! साहेबांना चांगलाच दणका बसला."

"साहेबांना कशाला, गुरुजी? ते बदली होऊन मजेत हायेत. पैसे सरकार देणार. म्हंजे तुम्हीच की!"

जन्मभर संस्कृत शिकवताना सांगत आलो, ज्याचं कर्म त्यालाच फळ. इथे काठी एकाची आणि फळ अख्ख्या राज्याला! हे ऋषिमुनींनाही सुचलं नव्हतं.

रमेशने डाव्या हाताने पेढा पुढे केला. "साहेबांनी एकदा चुकलं म्हणावं, एवढंच पायजे होतं. ते काय झालं नाय. तुम्हाला मात्र उगाच भुर्दंड. माफ करा, गुरुजी."

मी थक्क! साऱ्या प्रकरणात माफी मागणारा तो एकटाच.

सांगा मंडळी, ही माफी मी कुणाच्या दारी नेऊन देऊ?