सालोमी सिस्टरचे सात महिने

मुखेडच्या सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स राहिलेल्या सालोमी भालेरावांना निवृत्तीनंतरही गाव सिस्टरबाईच म्हणायचं. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. मुलगा दानिएल विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात लॅबमध्ये नोकरीला. त्या एकट्याच राहत. गल्लीत कुणाचं बीपी बघायचं, कुणाला इंजेक्शन द्यायचं, रविवारी चर्चला जायचं, असं चाललं होतं.

जानेवारीत त्यांचे डोळे पिवळे दिसायला लागले, भूक मेली. काविळीचा पाला सुचवणाऱ्या चौघीजणी भेटल्या, पण सिस्टरबाई दानिएलला घेऊन सरळ लातूरला गेल्या. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, यकृतापर्यंत पोचलेला. डॉक्टर दानिएलला बाहेर बोलवायला लागले तशा त्या म्हणाल्या, "असले रिपोर्ट बघण्यात माझा जन्म गेलाय. मलाच सांगा, किती दिवस?"

"औषधं घेतली तर कदाचित वर्षभर. नाही घेतली तर सहा महिने."

दानिएलला त्यांना हैदराबादला न्यायचं होतं. बसस्टँडवर तो रडला. त्यांनी त्याला रडू दिलं, मग म्हणाल्या, "मला माझ्या घरात राहू दे, बाबा. प्रभूनं सहासष्ट वर्षं दिली. ती तरी कुठं मी मागितली होती?"

कावीळ उतरण्यापुरती पोटात नळी बसवून त्या घरी आल्या.

शेजारच्या किराणावाल्या गुंडप्पांची बायको लक्ष्मम्मा रोज ताक घेऊन यायची आणि बराच वेळ त्यांच्याकडं बघत बसायची. एका दुपारी तिनं विचारलं, "सिस्टरबाई, तुम्हाला भ्या वाटत न्हाई का?"

"दुखण्याचं वाटतं की. म्हणून तर गोळ्या लिहून आणल्यात. मरणाचं न्हाई वाटत."

"खरं सांगताव?"

"हाव. दवाखान्यात ज्यांना कुणी नसायचं, त्यांचा हात मी धरून बसायचे. माझा हात येशू धरणार हाय. लहानपणापासूनची ओळख हाय आमची. ओळखीच्या माणसासंग जायाला कसलं भ्या?"

लक्ष्मम्मा उठली, दार लोटून आली. तिच्या डाव्या छातीत गाठ होती. वर्ष झालं होतं, आणि तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. सालोमींनी हात लावून बघितलं. गाठ कडक होती, हलत नव्हती. काही नसेल, असं त्या म्हणाल्या नाहीत.

"गुंडप्पांना आज सांग. उद्या लातूरला जाऊ."

"तुम्हाला उठवत न्हाई, अन् माझ्यासंग येताव?"

"एसटीत बसून तर जायाचंय."

दवाखान्यात नंबर लागेपर्यंत सालोमींच्या पाठीत कळा येत होत्या. तपासण्या करून डॉक्टर म्हणाले, कॅन्सरच आहे, पण वेळेत आलात, ऑपरेशननं बरं होईल. ते ऐकून लक्ष्मम्मा त्यांच्या गळ्यात पडली. सालोमींच्या मनात मात्र एकदम हेवा उठला. ही राहील, मी जाईन. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. डोळे मिटून त्यांनी तेही प्रभूला सांगून टाकलं, आणि मग ऑपरेशनच्या तारखेचं विचारायला उठल्या.

मार्चात ऑपरेशन झालं. पुढं लक्ष्मम्माची केमो सुरू झाली. केस गेले, तोंड आलं. सालोमी काठी टेकत तिच्याकडं जायच्या आणि काय खायचं, काय टाळायचं ते सांगायच्या. आपल्या मातीच्या वेळी कोणती गीतं म्हणायची ते त्यांनी चर्चच्या पाळकसाहेबांना लिहून दिलं, आणि माझी स्तुती लांबवू नका, असंही बजावलं.

"तुमच्यात बी पुरतात व्हय?" लक्ष्मम्मानं विचारलं.

"हाव. तुम्हा लिंगायतांसारखंच."

जुलैच्या अखेरीस गोळ्या पुरेनात. दोन दिवस त्या कण्हत होत्या, मधूनच ओरडतही होत्या. शुद्ध असली की प्रार्थना म्हणायच्या, अर्धी राहिली की रजा घेऊन आलेला दानिएल पुरी करायचा. मंगळवारी सकाळी तो इंजेक्शन आणायला गेला आणि तेवढ्यात त्या गेल्या. जवळ लक्ष्मम्मा होती.

दानिएलनं परत आल्यावर तिला एवढंच विचारलं, "काकू, आई घाबरली होती का?"

"न्हाई. दुखत होतं लई. मग माझा हात सोडला, अन् शांत झाल्या."

दुपारी माती झाली. गुंडप्पांनी दुकान बंद ठेवलं. लक्ष्मम्मा डोक्याला रुमाल बांधून कबरस्तानापर्यंत चालत आली आणि सगळ्यांसारखीच तिनंही मूठभर माती टाकली. तिची शेवटची केमो पुढल्या सोमवारी होती. त्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती गुंडप्पांबरोबर लातूरला गेली.