नेकारकाठची भिंत आणि आमचा चिखल

तळवलीहून निघालो तेव्हा घरच्यांनी पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या, सुकट आणि शंभर सूचना बांधून दिल्या. ठाणे-बेलापूर रस्त्यावर तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते. त्यातल्या एकाने यंत्रकाम शिकायला मला आणि घणसोलीच्या दामोदरला सहा महिने जर्मनीला धाडलं. दोघेही खाडीकाठच्या भातशेतीतले. बोटीत असेपर्यंत दामोदरने समुद्राला नावं ठेवली, उतरल्यावर थंडीला.

आम्ही शिकत होतो त्या कारखान्यात पिकांवर फवारायची औषधं बनत. आमच्या फोरमनचा थोरला भाऊ कोनराड नेकार नदीकाठी द्राक्षं लावून वाइन करायचा, आणि आपल्या मळ्याच्या वरच्या टप्प्यात त्या औषधाचा थेंबही शिरू देत नव्हता. फोरमन हे हसत हसत सगळ्यांना सांगे. सप्टेंबरअखेरीला तोडणीसाठी माणसं हवी होती, म्हणून सुट्टी काढून आम्ही दोघे गेलो.

गाडी नदीच्या वळणावर आली आणि मी खिडकीच्या काचेला नाक लावलं. समोर उभा डोंगर, त्यावर खालपासून वरपर्यंत दगडी भिंतींचे टप्पे आणि प्रत्येक टप्प्यावर पिवळ्या पडू लागलेल्या वेली. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड रचलेला. असली भिंत रचणाऱ्या हातांना मी तिथूनच नमस्कार केला.

कोनराड साठीचा, लालबुंद चेहऱ्याचा. त्याने आधी हात मिळवला आणि लगेच शेणाची पाटी पुढे केली. गाईच्या शिंगांत शेण भरायचं, शिंगं हिवाळाभर जमिनीत पुरायची, वसंतात काढून त्यातलं चिमूटभर खत पाण्यात तासभर घुसळायचं आणि मळ्यावर शिंपडायचं, अशी त्याची रीत. दामोदरने बाह्या सरसावल्या.

"आरं, सातासमुद्रापल्याड येऊन श्यानच आलं नशिबी!" तो म्हणाला, पण त्याचा हात इतका सफाईने चालला की कोनराड बघतच राहिला. चंद्र पाहून छाटणी करतो म्हणून शेजारी कोनराडला वेड्यात काढत. आम्हाला नाही तो वेडा वाटला. आमची भरती-ओहोटी चंद्रावरच चालते.

रात्रीच्या जेवणाला त्स्वीबेलकुखन (कांदा घालून भाजलेली जाड पोळी) आणि अर्धवट आंबलेली नवी वाइन होती. दामोदरने एक घोट घेतला आणि डोळे मिटले. "ही त आपली ताडी हाय!"

कोनराडचा मुलगा पेटर मात्र खाली मान घालून जेवत होता. तिशीचा, हिशेबी माणूस. बाप उठून गेल्यावर म्हणाला, "वरचा टप्पा चार वर्षं औषधाविना आहे, खाली मी अजून फवारतो. यंदा तो चांगला उतरला तर बाबांच्या पद्धतीने सगळा मळा मी करीन. नाही तर मी श्टुटगार्टला, मोटारींच्या कारखान्यात. तिथली जागा राखून ठेवली आहे."

तिसऱ्या दिवशी पाऊस झाला. संध्याकाळी आम्ही दोघे वर फिरायला गेलो, तर त्याच टप्प्याच्या भिंतीच्या तळाशी दोन भोकांतून पाणी वाहत होतं.

"बांद गलतोय रं!" दामोदर ओरडला. "खांड परंल!"

खांड म्हणजे बांध फुटून पडलेली वाट. एका खांडीतून खाडीचं खारं पाणी आत आलं की भाताचं वर्ष गेलं. भोक दिसलं की बुजवायचं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. चिखल कालवला, दगड ठोकले, दोन्ही भोकं पक्की बंद केली आणि छाती फुगवून खाली आलो. न सांगता उपकार करायचे, म्हणून बोललोही नाही.

सकाळी भिंतीला पोट आलं होतं. कोनराड धावत वर गेला, आम्ही मागे. आम्ही पोचतो न पोचतो तोच भिंतीचा दहा-बारा हातांचा तुकडा वेलींसकट खाली बसला. भोकातला चिखल पाहून कोनराडने विचारलं, "हे कोणी केलं?"

"मी," म्हणालो. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये खाडी सांगितली, बांध सांगितला.

त्याने तो चिखल बोटांनी उकरून पाहिला. मग म्हणाला, "डोंगराचं पाणी बाहेर जायला ती भोकं माझ्या आजोबांनी ठेवली होती. तुम्ही चुकलात, पण शेतकऱ्यासारखे चुकलात." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

पेटर ढिगाऱ्यात उतरला होता. उघड्या पडलेल्या मातीत मुळं पुरुषभर खोल गेलेली, माती काळी, भुसभुशीत, गांडुळांनी भरलेली. त्याने ती मुठीत घेऊन हुंगली. मग फावडं घेऊन खालच्या, अजून फवारणीवर चाललेल्या टप्प्यातून एक ढेकूळ खणून आणलं. ते विटेसारखं कडक होतं. दोन्ही शेजारी ठेवून तो नुसता बघत राहिला. मग कोट काढला आणि दगड उचलू लागला.

तीन दिवस आम्ही चौघांनी भिंत रचली. पडलेल्या वेलींवरचे घड निवडून काढले. ते मधासारखे गोड होते. निघायच्या दिवशी पेटर स्टेशनवर म्हणाला, "श्टुटगार्टला कळवलं. येत नाही म्हणून."

परत आल्यावर ओटीवर सगळे जमले. मी झाकून ठेवलेली फजिती दामोदरने रंगवून सांगितली आणि सगळे पोट धरून हसले. बाबा हसले नाहीत.

"मंग त्याचा पोरगा ऱ्हायला का बापासंगं?" त्यांनी विचारलं.

"राहिला."

"बरं झालं," बाबा म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता उठले.

सोमवारी मी कारखान्यात रुजू झालो. पगार चांगला होता आणि काम मला आवडायचंही. पण त्या वर्षी आमच्या लावणीला बाबा एकटेच उतरले. मी पहिल्या पाळीला जाताना ते चिखलात वाकलेले दिसले. मी हाक मारली नाही.